सोडायला येणारं माणूस

१३ जुलै
वस्तीवरून, सांगोला

काकी,

पहिल्या दोन ओळी 'तुम्ही' घालून लिहिल्या होत्या. वाचून पाहिल्या तर तहसील कचेरीला अर्ज केल्यासारख्या वाटल्या, म्हणून तो कागद बाजूला ठेवला. 'तू'च लिहिते. आवडलं नाही तर तसं कळव.

मी अंकिता. तुझा पत्ता शुभदाने दिला. ती बी.एस्सी.ला माझ्या वर्गात होती, मोहोळची आहे. मी तुझी चौकशी करत फिरत होते असं समजू नकोस. एकदा डबा खाताना तीच म्हणाली, "आमच्या भाच्याच्या शाळेत खिचडी करणाऱ्या चांगुणाबाई आहेत. पातेल्याच्या काजळीवर बोटानं अक्षरं काढून दाखवतात पोरांना." मग मला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

कळवायचं ते असं की मला सोलापूरला विद्यापीठात प्रवेश मिळाला. एम.एस्सी., भूगर्भशास्त्र. दगड, माती, जमिनीखालचं पाणी यांचा अभ्यास असतो. तीन ऑगस्टला, सोमवारी, वर्ग सुरू होतील. वसतिगृहातही जागा मिळाली आहे. ट्रंक घेतली, बादली घेतली, कुलूप घेतलं. प्रयोगशाळेसाठी पांढरा कोट शिवायला टाकला आहे. सगळी प्रमाणपत्रं खराब होऊ नयेत म्हणून सांगोल्याला जाऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणली.

आप्पा बरे आहेत. गुडघा दुखतो, पण मेंढरांमागे जातात. इंद्रजीत आता थोरल्या भावासारखा वागतो, मेंढरांचा मोठा वाडा एकट्याने सांभाळतो. माझ्या जाण्याला घरातून कुणाची हरकत नाही.

एक विचारायचं होतं. वसतिगृहात अंथरायला घोंगडी नेणार आहे. तिला कसर लागू नये म्हणून तू घडीत काहीतरी घालायचीस. पाला होता एवढं आठवतं. कशाचा, ते आठवत नाही. कळवलंस तर बरं होईल. नाही कळवलंस तरी चालेल.

अंकिता


२१ जुलै
वस्तीवरून

काकी,

तुझं कार्ड पोचलं. "कडुलिंबाचा पाला. सावलीत वाळवून. उन्हात नाही." तिसरं वाक्य तू लिहिलंस म्हणून मला फार बरं वाटलं. मी उन्हातच वाळवला असता, हे तुला इतक्या वर्षांनीही माहीत आहे.

कार्ड मी आप्पांना दाखवलं नाही. लपवलंही नाही. माझ्या पुस्तकांत आहे. कुणी पुस्तकं चाळली तर दिसेल.

काल कागदपत्रं तपासायला सोलापूरला जाऊन आले. इंद्रजीत बरोबर होता. मंगळवेढ्यावरून गेलो. स्टँडवरून विद्यापीठाकडे जाणाऱ्या गाडीत दोन बायका सबंध वाटभर तेलुगूत भांडत होत्या आणि उतरताना एकमेकींचा हात धरून उतरल्या. विद्यापीठ शहराबाहेर पुणे रस्त्यावर आहे. चहूकडे माळच. मला वाटलं होतं काहीतरी अंगावर येणारं असेल, तर खाली तोच आपला मुरूम. इंद्रजीत म्हणाला, "हितं तर वाडा बसवता येतोय की. मालक कोण हाय?"

प्रमाणपत्रांची माझी चूक झाली. खिडकीतले साहेब प्लॅस्टिक उलटसुलट करून म्हणाले, "हे काय, लोणच्यासारखं टिकवून ठेवायचंय का? शिक्का कुठं मारू मी?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तेच म्हणाले, "अगं बाई, रडू नको. झेरॉक्सवर मारतो." मी त्यांना चार वेळा विचारलं की नक्की चालेल ना. चौथ्यांदा त्यांनी इंद्रजीतकडे बघितलं. इंद्रजीत म्हणाला, "साहेब, ती घरीबी अशीच हाय."

वसतिगृहाच्या मॅडमनी सांगितलं आहे, एक ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळपर्यंत सामान घेऊन हजर व्हायचं. बरोबर घरचं मोठं माणूस हवं. भाऊ चालणार नाही, वडील किंवा तसं मोठं माणूस. त्या दिवशी आलं नाही तर खाट यादीतल्या पुढच्या मुलीला जाते. खाट गेली तर मला रोज ये-जा जमणार नाही. वस्तीवरून सकाळची पहिली गाडी गाठली तरी दुपार होते.

आता मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करते. हरकत नाही असं मी लिहिलं होतं. आप्पा हरकत घेत नाहीत हे खरं, पण ते हो म्हणत नाहीत. मी म्हणते, आप्पा, सोलापूरला निघायचं ना. ते म्हणतात, "बघू की." मी म्हणते, तुम्ही येणार ना सोडायला. ते उठून मेंढरांकडे जातात. परवा तर आजूबाजूला एकही मेंढरू नव्हतं तरी उठून गेले. इंद्रजीतला वाटतं, त्यांना माझं लग्न आधी उरकायचं असेल. मला तसं वाटत नाही, पण दुसरं काय वाटायचं तेही कळत नाही. आज सकाळी मी त्यांना म्हणाले, "तुम्हाला मी गेलेलंच नको आहे, सरळ सांगा की." ते म्हणाले, "तसं न्हाय."

त्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा तुमचं भांडण मला शाळेत घालण्यावरून झालं, एवढं मला आठवतं. काका जाऊन वर्ष झालं होतं. तू म्हणत होतीस, पोरगी मला द्या, मी मोहोळला शाळेत घालते. आप्पा म्हणाले, "आमचं लेकरू आमी बघू, तू तुजं बघ." पुढच्याच जूनमध्ये त्यांनी मला आश्रमशाळेत नेऊन घातलं. हे तुला कुणी सांगितलं नसेल. त्यांनी तर नक्कीच नाही.

पाला सावलीत पसरून ठेवला आहे. शेळी येऊ नये म्हणून वरून पाटी घातली आहे.

अंकिता


२७ जुलै
वस्तीवरून

काकी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. उद्या शुभदा गुणपत्रक न्यायला सांगोल्याच्या कॉलेजात येणार आहे, तिच्या हातात देते. ती संध्याकाळी तुझ्याकडे आणून देईल. घाई आहे, म्हणून.

आप्पा का बोलत नाहीत ते मला काल कळलं. जसं झालं तसं लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

आपल्याकडे यंदा एक कोकरू आईविना वाढलं. मेंढी व्याली आणि गेली. मीच बाटलीने दूध पाजलं त्याला, परीक्षेच्या दिवसांत, एका हातात बाटली आणि एका हातात पुस्तक. आप्पांनी ते आत्याच्या वाड्यात द्यायचं ठरवलं. तुला आठवत असेल, तिची वस्ती ओढ्यापलीकडे आहे. इंद्रजीत गुरुवारी ते खांद्यावर घालून सोडून आला. त्याच्या मागोमाग कोकरू परत. शुक्रवारी पुन्हा नेलं, दावणीला बांधून आला. दावं तोडून परत. ओढ्यात पाणी असतं तर वाहून गेलं असतं.

मग आप्पा मला म्हणाले, "तू जा. पाजलंय तू. ज्यानं पाजलं त्यानं सोडावं लागतंय."

मी गेले. त्यांनी सांगितलं तसंच केलं. तिथे आत्याच्या मेंढरांत बसून त्याला माझ्या हाताने पाजलं. मग बसून राहिले. ते थोडं हुंगलं, थोडं माझ्या ओढणीला डोकं घासलं, मग एका करड्या कोकरामागे गेलं आणि मान खाली घालून चरायला लागलं. तसं मी उठले. हाक मारायची नाही, मागे बघायचं नाही, असं आप्पांनी बजावलं होतं. मी मागे बघितलं नाही. कोकरू आलं नाही, अजूनही नाही.

परत आले तर आप्पा बाभळीखाली बसून वाघर दुरुस्त करत होते. मेंढरं कोंडायची ती जुनी जाळी, तीच अजून वापरतात. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "आप्पा, आता माझंही बघा की. तुमचा गुडघा दुखत असेल तर आत्याच्या मालकांना पाठवा माझ्याबरोबर. ते मोठं माणूस आहेत."

ते म्हणाले, "त्यानं पाजलंय का तुला?"

मला आधी समजलंच नाही.

"तुला आश्रमशाळेत म्या सोडली," ते म्हणाले. "तिसऱ्या दिशी माघारी आलीस. पाय सोलून निघालं हुतं. परत सोडली, परत आलीस. मास्तर म्हनला, पाटील, ही पोर काय हितं ठरत न्हाय."

"आप्पा, मी लहान होते. शेवटी राहिलेच की. आता एकवीस वर्षांची आहे."

"जित्राबाला वय कळतंय व्हय?"

"मी जित्राब आहे का?"

त्यावर ते हसले. मग जाळीची एक गाठ मारली, सोडली, परत मारली. म्हणाले, "तुजी आय गेली तवा तू एवढी हुतीस. कापसाच्या बोळ्यानं दूद घालत हुती ती. म्या न्हाय घातलं. मला जमत न्हवतं. आता म्या न्हिऊन सोडली आन तू परत आलीस, तर तुजं शिक्षान माज्यामुळं मोडलं असं हुतंय."

तुझं नाव घेतलं नाही. 'ती' म्हणाले. पण 'ती' म्हणताना हातातली सुई थांबली होती.

मी म्हणाले, "मग बोलवा की काकीला."

"कुटल्या तोंडानं?"

एवढंच बोलणं झालं. मी त्यांना तुझ्या कार्डाबद्दल सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हा प्रश्न कालपासून मला खातो आहे. पण सांगितलं असतं आणि तू आली नसतीस, तर त्यांना तू पुन्हा एकदा निघून गेल्यासारखं झालं असतं. म्हणून आधी तुलाच विचारते.

काकी, शनिवारी एक ऑगस्टला दुपारी मी विद्यापीठाच्या मोठ्या गेटपाशी असेन. तू येशील का? मोहोळहून सोलापूरला जाणारी गाडी गेटवरूनच जाते. मला आप्पांनी हे लिहायला सांगितलेलं नाही. तू नाही आलीस तरी मी जाणार आहे, म्हणजे मॅडमनी एकटीला घेतलं तर. तुझ्यावर भार टाकायचा नाही. आपण दोघी एकमेकींना ओळखू की नाही, याचीही मला भीती वाटते. मी निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये असेन. ट्रंक हिरवी आहे.

मी परत येणाऱ्यांतली आहे की नाही, हे मलाही माहीत नाही. आश्रमशाळेतून मी आप्पांकडे पळून येत नव्हते. वस्तीवर तू परत आली असशील असं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तू यावंस म्हणून सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगते.

अंकिता


६ ऑगस्ट
मुलींचं वसतिगृह, सोलापूर

काकी,

तू शनिवारी होतीस, म्हणून शनिवारचं तुला काय लिहायचं. पण काही गोष्टी तुझ्या पाठीमागे घडल्या, त्या तुझ्यापर्यंत पोचायला हव्यात.

आप्पा निघतील याची मला खात्री नव्हती. सकाळी मी ट्रंक उचलायला गेले तर ती त्यांच्या डोक्यावर. म्हणाले, "गेटपतुर येतो. आत म्या येत न्हाय." मी तेव्हा सांगितलं की मी काकीला पत्र लिहिलं आहे. ते परत घरात गेले आणि धुतलेला पटका बांधून आले.

तुला गेटपाशी आधी त्यांनी बघितलं. मी रस्त्याच्या त्या बाजूच्या सगळ्या बायका तपासत होते, कुठली तू असशील म्हणून, आणि मला तू उंच आठवत होतीस. आप्पांनी ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाले, "ती बघ. वाळली लई."

पुढचं तूही ऐकलंस, पण मला ते लिहून ठेवावंसं वाटतं.

"आलीस व्हय?"

"आली की."

"गाडीला गर्दी हुती?"

"न्हवती."

बारा वर्षांनी माणसं यापेक्षा जास्त बोलतील असं मला वाटलं होतं. मी उगाच घाबरले होते. ते रस्त्यापलीकडे टपरीवर जाऊन बसले, आणि तू ट्रंकेची एक कडी धरलीस.

मॅडमनी "आई का?" असं विचारलं तेव्हा मी दुरुस्ती करणार होते. तू माझ्या पाठीत बोट रुतवलंस. त्या जागेवर अजून दुखतं आहे, पण ते बरं वाटतं.

शरणम्मा, माझ्या खोलीतली ती मैंदर्गीची मुलगी, तुझी रोज आठवण काढते. तिच्या आईशी, काशम्माबाईंशी, तू कानडीत बोलायला लागलीस तेव्हा मी बघतच राहिले. मग आठवलं, आपण मेंढरं घेऊन विजापूरच्या बाजूला जायचो तेव्हा बाजारात तूच बोलायचीस, काका नुसते मागे उभे राहायचे. काशम्माबाईंनी ठेवलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी आम्ही दोघी रोज रात्री खातो. शरणम्मा म्हणते, तुझी काकी माझ्या आईला सांगत होती, ही फार विचार करते, हिला मधून मधून हसवत जा. ती ते काम फार मन लावून करते. काल माझ्या घोंगडीतला लिंबाचा पाला तिच्या केसांत गेला तर म्हणाली, "बरं झालं, आता उवा न्हाय होणार."

शनिवारी जेवताना तू तुझ्या ताटातला भात माझ्या ताटात टाकलास. मी शरणम्माशी वेळापत्रकाबद्दल बोलत होते, तिचा विषय दुसरा पण इमारत तीच, कुठला दरवाजा सकाळी उघडा असतो वगैरे. वळले तर तुझी जागा रिकामी होती. ताट धुऊन पालथं घातलेलं. मला समजलं. धावत बाहेर यायचं नाही हेही समजलं. मी बसून सगळा भात संपवला. फार होता.

नंतर गेटवरच्या काकांनी सांगितलं की तू पलीकडे गेलीस आणि तुम्ही दोघं टपरीवर बसला होतात. मग आप्पांनी पटका सोडून तोंड पुसलं. चहा तू मागवलास की त्यांनी, हे त्या काकांना आठवत नाही. मी दोनदा विचारलं.

आता सोमवारचं सांगते. हे आप्पांना सांगू नकोस.

सकाळचे दोन तास झाले. पहिल्या तासाला सगळे इंग्रजीत बोलत होते. सरांनी प्रत्येकाला उभं करून कुठून आलात असं विचारलं. मी "सांगोला" म्हणाले, तर पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "डाळिंबवाले." मी म्हणाले, "नाही, मेंढरंवाले." वर्ग हसला. वाईट हसला नाही, पण हसला. त्यानंतर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मधल्या सुट्टीत मी बॅग घेऊन सरळ गेटपर्यंत गेले. ठरवून नाही, पायच गेले. पलीकडच्या बाजूला मोहोळची गाडी थांबली होती. कंडक्टर दारातून म्हणाला, "येणार का?" मी रस्ता ओलांडला. दांड्याला हात लावला. गाडीत जागा होती.

मग मला वाटलं, मी तुझ्या दारात उभी राहीन, तू मला जेवायला वाढशील, आणि संध्याकाळी तुला मला परत आणून सोडावं लागेल. पुन्हा गेटपाशी उभं राहावं लागेल. आणि पुन्हा मला न सांगता उठून जावं लागेल. शनिवारी तू कशी गेलीस ते मी पाहिलं नव्हतं. ते तुला दुसऱ्यांदा करायला लावणं मला जमेना.

कंडक्टरला म्हणाले, "नाही, चुकून." तो म्हणाला, "चुकून कुणी रस्ता ओलांडतंय व्हय?" आणि घंटा मारली.

दुपारी प्रात्यक्षिक होतं. टेबलावर दगड मांडले होते, नावं न लावता. मला चार ओळखता आले. सर म्हणाले, बाकीचे वर्षभरात ओळखाल. पुढच्या बाकावरचा मुलगा प्रात्यक्षिकाला माझ्याच टेबलावर आहे. इंद्रजीत नाव आहे त्याचंही, त्यामुळे मला त्याच्यावर नीट रागावता येत नाही. त्याने विचारलं, "मेंढरं किती आहेत?" मी म्हणाले, "आमच्यात मोजलेलं सांगत नाहीत." तो म्हणाला, "सॉरी." पुढचे तास बरे गेले.

आता काम. मॅडमनी काल बोलावून घेतलं. प्रत्येक मुलीचा एक स्थानिक पालक नोंदवावा लागतो. आजारी पडले, सुट्टीत कुठे जायचं असलं तर त्याची परवानगी लागते. तो जवळ राहणारा हवा, सांगोला त्यांना लांब वाटतं. मी आप्पांना फोन केला. म्हटलं, सोलापुरात आपलं कुणी आहे का, दूरचं असलं तरी चालेल. ते म्हणाले, "दूरचं कशाला?" मग मेंढरांचाच आवाज येत राहिला. मला वाटलं फोन ठेवून ते पुन्हा उठून गेले. मग म्हणाले, "चांगुणाचं नाव घाल. लिही की. चांगुणा, मोहोळ."

लिहिलं आहे. नातं 'काकी' लिहिलं, त्यावर मॅडम काही म्हणाल्या नाहीत.

एक जागा मोकळी राहिली आहे. पालकाचा फोन नंबर. मॅडम म्हणतात उद्यापर्यंत हवा, आणि मला सांगायची लाज वाटली की तो माझ्याकडे नाही. हे पत्रही शुभदाच्याच हाती पाठवते, ती आज सोलापूरला आली आहे. तुझं वाचून होईपर्यंत ती तुझ्या दारात थांबेल. तिच्याकडे पेन आहे.

तुझी
अंकिता